उजव्या अर्ध्यातली फुलं

आठ आठवड्यांच्या प्लेसमेंटचा, म्हणजे शिक्षणाचा भाग म्हणून रुग्णांसोबत करायच्या कामाचा, तिसरा आठवडा होता. बुधवार, दुपारचे अडीच. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये (इथे याचा अर्थ वृद्ध आणि आजारातून सावरणाऱ्यांनी राहायची जागा), पक्षाघातातून सावरणाऱ्या, लाओसमधून आलेल्या ह्मोंग समाजातल्या एक आजी बुटक्या स्टुलावरून डावीकडे कलल्या. मी त्यांच्या कमरेचा पट्टा धरून ठेवला होता, म्हणून आपटल्या नाहीत. हळूहळू जमिनीवर टेकल्या. लागलं काहीच नाही. तरीही त्या दिवशी माझ्या हातून रुग्ण पडला, अशीच नोंद झाली आणि ती बरोबर होती.

ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट होण्याच्या शिक्षणात मी जे काही शिकले, त्यातलं निम्मं या एका आठवड्यात शिकले. भारतातल्या फिजिओथेरपीच्या किंवा ऑक्युपेशनल थेरपीच्या विद्यार्थ्यांना आणि अमेरिकेत येऊन हा रस्ता धरू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून प्रकरण सविस्तर मांडते आहे. आजींची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नर्सिंग होमचं नाव देत नाही.

आधी थोडं या शिक्षणाबद्दल

मी फलटणची. बी.कॉम. करून एका पतसंस्थेत काम करत होते. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे मिनेसोटात आले, आणि काही वर्षांनी, मुलगी शाळेत जायला लागल्यावर, सेंट कॅथरिन विद्यापीठात हा अभ्यासक्रम सुरू केला. घरी फोनवर सांगितलं तेव्हा वडिलांनी विचारलं, "असिस्टंट म्हणजे मदतनीस का गं?" प्रश्न साधा होता, पण त्याचं नीट उत्तर मला तेव्हा देता आलं नाही.

उत्तर असं आहे. अमेरिकेत ऑक्युपेशनल थेरपिस्ट रुग्णाचं मूल्यमापन करतो, उद्दिष्टं ठरवतो आणि उपचारांचा आराखडा लिहितो. असिस्टंट त्या आराखड्यानुसार रुग्णासोबत प्रत्यक्ष काम करतो. अंघोळ, कपडे, स्वयंपाक, लिहिणं, शिवणं, बाग, म्हणजे माणूस दिवसभरात जे जे करतो ते पुन्हा करता यावं यासाठीचं काम. १९५० च्या दशकाच्या शेवटी, प्रामुख्याने मनोरुग्णालयांची गरज म्हणून, असिस्टंटचं वेगळं प्रशिक्षण इथे सुरू झालं आणि मग इतर रुग्णालयांत पसरलं. दोन वर्षांची पदवी, त्यात शरीररचना, मेंदूविज्ञान, मानसिक आरोग्य आणि भरपूर प्रात्यक्षिकं, आणि शेवटी पूर्णवेळ सोळा आठवड्यांचं फील्डवर्क, बहुतेक ठिकाणी आठ-आठ आठवड्यांच्या दोन प्लेसमेंटमध्ये. त्यानंतर राष्ट्रीय मंडळाची परीक्षा आणि राज्याचा परवाना. भारतात असिस्टंटची अशी रुळलेली पायरी नाही. आपल्याकडे थेट थेरपिस्टची पदवी असते, त्यामुळे वडिलांचा गोंधळ समजण्यासारखा होता.

फलटणच्या कमला निंबकर बालभवन या शाळेच्या पाटीवरून मी लहानपणी शेकडो वेळा गेले असेन. या कमला निंबकर कोण, हे मला सेंट पॉलमध्ये, व्यवसायाच्या इतिहासाच्या तासासाठी वाचताना कळलं. त्या मूळच्या एलिझाबेथ लंडी, अमेरिकन. लग्न करून निंबकरांच्या घरात आल्या, फिलाडेल्फियात ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या आणि १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विषयाची भारतातली पहिली शाळा उभी केली. १९५२ साली अखिल भारतीय संघटनाही त्यांनीच स्थापन केली. त्या रात्री मी आईला फोन करून हे सांगितलं, तेव्हा तिलाही माहीत नव्हतं. अमेरिकेतून एक बाई हे शास्त्र घेऊन आमच्याकडे आली, आणि मी तेच शिकायला उलट्या दिशेने आले. याचं मला आजही नवल वाटतं.

सेंट कॅथरिन हे कॅथलिक विद्यापीठ, मग तिथे धर्माची सक्ती असते का, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. धर्म बदलायला कुणी सांगत नाही, प्रार्थनेला जायची सक्ती नसते. माझ्या वर्गात ल्यूथरन पंथाच्या ख्रिश्चन मुली होत्या, मुस्लिम सोमाली मुली होत्या, कुठलाच धर्म न मानणारे होते. पण एक गोष्ट सतत कानावर पडते. हे विद्यापीठ १९०५ साली सेंट जोसेफच्या भगिनींनी स्थापन केलं. त्यांचा संघ १६५० साली फ्रान्समधल्या ल प्युई गावात सुरू झाला आणि १८५१ मध्ये त्यांच्यातल्या काही जणी सेंट पॉलला पोचल्या. ल प्युई हे लेस विणणाऱ्यांचं गाव. या भगिनी स्वतः लेस विणायच्या आणि निराधार बायका-मुलींनाही शिकवायच्या, म्हणजे त्यांना स्वतःच्या हाताने पोट भरता येईल. 'प्रिय शेजारी, कसलाही भेद न करता' हे त्यांचं ब्रीद. मला ते परकं वाटलं नाही. ज्ञानोबांची पालखी आमच्या गावात मुक्कामाला असते. वारीत कोण कुणाच्या पाया पडतो हे कुणी बघत नाही. एखाद्या आजोबांच्या पायात मोजे चढवायला गुडघे टेकून बसायची सवय करताना मला वारी आठवायची, आणि माझ्या शेजारची कॅथलिक मैत्रीण म्हणायची की तिला पवित्र गुरुवारचा पाय धुण्याचा विधी आठवतो.

पहिल्या सत्रातली एक गोष्ट पुढे लागणार आहे म्हणून सांगते. कुठल्याही कामाची फोड करायची हा आमचा पाया: त्याला किती ताकद लागते, कोणते सांधे हलतात, किती लक्ष लागतं, चुकलं तर काय होतं. बाईंनी सांगितलं, लहानपणापासून माहीत असलेलं एक काम निवडा. मी भाकरी निवडली. पीठ मळताना तळहाताच्या टाचेचा दाब, थापताना दोन्ही हातांची लय, परातीतून उचलताना बोटांची पसरण, तव्यावर टाकताना मनगटाचा झोल, वाफेचा अंदाज. चाळीसच्या वर पायऱ्या झाल्या. ज्या कामाला आपण 'येतंच की' म्हणतो, ते मेंदूच्या किती कोपऱ्यांतून येतं हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

आजी

वय सत्तरीच्या पुढे. मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघात. रुग्णालयातून नर्सिंग होममध्ये आल्या तेव्हा डावा हात जवळजवळ लुळा होता, डाव्या पायात थोडी ताकद होती. बोलणं शाबूत होतं, फक्त ते ह्मोंग भाषेत. लाओसमधल्या युद्धानंतर, १९७५ पासून पुढे, ह्मोंग कुटुंबं थायलंडच्या छावण्यांमधून इथे आली, आणि आज सेंट पॉल-मिनियापोलिस परिसरात त्यांची वस्ती अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या वस्त्यांपैकी आहे. आजीही अशाच एका छावणीतून आल्या होत्या.

सगळ्यात अवघड दुखणं हाताचं नव्हतं. उजव्या मेंदूच्या पक्षाघातात कधी कधी माणसाला डावी बाजू असते याचाच विसर पडतो. डोळ्यांना दिसत नाही असं नव्हे, मेंदू तिकडे वळतच नाही. ताटातला उजवीकडचा भात संपतो, डावीकडचा तसाच राहतो आणि माणूस म्हणतो, अजून भूक आहे. डावीकडून कुणी हाक मारली तर उजवीकडे शोधतो. आजींचा डावा हात चाकाच्या खुर्चीच्या बाहेर लोंबत राहायचा आणि त्यांना पत्ता नसायचा. बसताना तोलही डावीकडे जायचा. नेहमीच्या उंचीच्या खाटेच्या कडेला बसायलासुद्धा 'मध्यम आधार' लागत होता, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त श्रम त्यांचे आणि बाकीचा भार आमचा.

आराखड्यातली उद्दिष्टं नेहमीची होती: सदरा कमीत कमी मदतीने घालणं, बेसिनपाशी तोंड धुणं, केस विंचरणं. थेरपिस्टनी फोनवरच्या दुभाष्यामार्फत अर्ध्या तासात मूल्यमापन केलं होतं. त्या आठवड्यातून दोनच दिवस, मंगळवारी आणि शुक्रवारी, या ठिकाणी यायच्या. बाकी दिवस माझ्या सुपरवायझर, स्वतः अनुभवी असिस्टंट, आणि मी.

आजी नकार देत होत्या. आठ वेळा गेलो, पाच वेळा नकार. सदरा पुढे केला की तोंड फिरवायच्या. नोंदींमध्ये एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं: 'प्रेरणा कमी.' अशी नोंद साचत गेली की विमा कंपनी उपचार थांबवायला कारण शोधते, हे आम्हाला वर्गात शिकवलं होतं. मला त्या वाक्याची भीती वाटायला लागली होती.

मंगळवारची संध्याकाळ

मंगळवारी माझं काम संपलं, कोट चढवून मी निघाले होते, तेवढ्यात आजींची नात आली. कॉलेजात शिकणारी, इंग्रजी आणि ह्मोंग दोन्ही सारखंच बोलणारी. तिच्या हातात कापडाची पिशवी होती. तिने ती आजींच्या मांडीवर रिकामी केली: गडद निळं कापड, लाल-हिरवे धागे, अर्धवट भरलेला एक चौकोन. ह्मोंग भरतकामाला 'पा न्दाऊ' म्हणतात, फुलांचं कापड. तीन आठवड्यांत मी आजींचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. उजव्या हाताच्या बोटांनी त्या टाके चाचपडत होत्या, मोजत होत्या बहुतेक.

मी नातीला विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, बाळाला पाठीशी बांधून न्यायचं कापड. तिच्या बहिणीला उन्हाळ्यात बाळ होणार होतं आणि पणतवंडाचं कापड आजींनी करायचं हे ठरलेलं होतं. हिवाळ्यात सुरू केलं आणि मध्येच हे झालं. मला आमच्या आजीची आठवण झाली. माझ्या मुलीसाठी तिने जुन्या लुगड्यांचं दुपटं शिवलं होतं, डोळ्यांत मोतीबिंदू असताना, स्पर्शाने टाके घालत.

मग नातीने आणखी एक गोष्ट सांगितली. सदरा, केस हे सगळं घरी मामी करते. आजारी पडायच्या आधीपासूनच. आजींच्या लेखी सुनेने आपली वेणी घालावी हा मान आहे. स्वतः सदरा घालायला शिकणं म्हणजे सुनेने आपल्याला सोडून दिलं असा अर्थ होईल.

मी पार्किंगमधल्या बर्फातून गाडीकडे गेले तेव्हा अक्षरशः तरंगत होते. पाच नकारांचं उत्तर मिळालं होतं आणि ते मला मिळालं होतं. थेरपिस्ट तासाभरापूर्वीच घरी गेल्या होत्या, त्यांचा फोन नंबर भिंतीवर लावलेला होता. संगणकावर नोंद लिहायला दहा मिनिटं लागली असती. मी दोन्हीपैकी काही केलं नाही. मनात होतं, उद्या करून दाखवते आणि मग सांगते.

बुधवार

सकाळी सुपरवायझरना एवढंच म्हणाले, "आज भरतकाम घेऊन बघते." त्या म्हणाल्या, "छान, टेबलापाशी बस." त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या रुग्णासोबत होत्या.

टेबलापाशी आजी कापडाला हात लावेनात. उजवा हात गुडघ्याच्या उंचीवर नेऊन हवेत थापत राहिल्या. खाली, खाली. मला कळलं: त्या आयुष्यभर बुटक्या स्टुलावर बसून भरत आल्या होत्या, गुडघ्यांवर कापड ताणून. कोपऱ्यात एक बुटकं स्टूल होतं. काम रुग्णाला सोपं जाईल असं बदलायचा अधिकार असिस्टंटला असतो. आमच्या कौशल्याचा तो गाभाच आहे. बसायची जागा बदलणं म्हणजे कामात बदल, असं मी स्वतःला सांगितलं. मदतनीस ताईंना हाक मारली, कमरेला पट्टा बांधला, दोघींनी मिळून आजींना स्टुलावर बसवलं. ताई गेल्या.

नऊ मिनिटं. मी घड्याळ पाहिलं होतं, म्हणून आकडा माहीत आहे. त्या नऊ मिनिटांत आजींनी लाल धाग्याने दोन फुलं पूर्ण केली. टाका इतका बारीक आणि समान की मी श्वास रोखून बघत होते. दोन्ही फुलं कापडाच्या उजव्या अर्ध्यात. डावा अर्धा त्यांच्यासाठी नव्हताच. आदल्या दिवशीचा चौकोन मी तेव्हा नीट पाहिला. त्यात आजारापूर्वीची रांग दोन्ही बाजूंना होती, आणि त्यानंतर नातीसमोर घातलेले नवे टाके फक्त उजवीकडे. मेंदूच्या प्रतिमेत जे दिसतं ते इथे धाग्यात दिसत होतं.

मग सुई निसटली आणि डाव्या बाजूला पडली. तिचा बारीकसा आवाज झाला. आजी तिकडे वळल्या, उजवा हात छातीवरून आडवा नेला, आणि त्यांचं अख्खं धड त्या हातामागे गेलं. डाव्या बाजूला तोल सावरायला काहीच नव्हतं. हात नाही, लक्ष नाही, आणि स्टुलाला हात टेकवायचे दांडेही नाहीत. मी पट्टा ओढला, माझा गुडघा त्यांच्या मागे घातला आणि दोघी एकदम खाली आलो.

परिचारिका आल्या. नाडी, रक्तदाब, डोळ्यांच्या बाहुल्या, डोकं आपटलं का हे तपासणं. सगळं ठीक. डॉक्टरांना कळवलं, घरी कळवलं. घटनेचा अहवाल मी लिहायला घेतला आणि पहिलं वाक्य लिहिलं, 'रुग्णाला सुरक्षितपणे जमिनीवर बसवण्यात आलं.' सुपरवायझरनी ते वाचलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हे पडणंच आहे. तू पकडलंस म्हणून पडणं रद्द होत नाही." नर्सिंग होमच्या नियमांतही तसंच आहे: मध्येच सावरलेलं पडणं हे पडणंच मोजतात. मी वाक्य खोडून पुन्हा लिहिलं.

आजींचा मुलगा कामावरून तसाच आला. आवाज चढवला नाही. त्याने एकच विचारलं, "स्टूल कशासाठी?" माझ्याकडे उत्तर होतं, पण ते दोन वाक्यांत सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि आराखड्यात त्यातलं एक अक्षरही नव्हतं.

शुक्रवार

गुरुवारी विद्यापीठातल्या फील्डवर्क समन्वयकांनी मला बोलावलं. त्यांच्याकडे जाण्याआधी मी आवारातल्या ड्यू ड्रॉप तळ्याशी बराच वेळ उभी होते. तळं गोठलेलं होतं. प्लेसमेंटच्या मूल्यमापनात पायाभूत बाबींना, म्हणजे नीतिनियम आणि सुरक्षेला, शेवटी ठराविक गुण मिळालेच पाहिजेत, नाहीतर बाकी सगळं उत्तम असूनही प्लेसमेंट नापास होते. दोन वर्षांची फी, मुलीला पाळणाघरात ठेवलेले तास, सगळं डोळ्यांपुढे येत होतं.

समन्वयकांनी धीरही दिला नाही आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी कागद पुढे ठेवला आणि म्हणाल्या, मंगळवार दुपारपासून बुधवार अडीचपर्यंत, कुणाला काय माहीत होतं, तासातासाने लिही. मी लिहीत गेले. मंगळवारी साडेपाच ते बुधवारी अडीच, तब्बल एकवीस तास, आजींबद्दलची सर्वात महत्त्वाची माहिती फक्त माझ्याकडे होती. त्या रकान्यात बाकी सगळ्यांच्या नावापुढे रिकामं होतं.

शुक्रवारी थेरपिस्ट आल्या. यावेळी प्रत्यक्ष दुभाष्या बाई होत्या आणि सूनही होती. पुन्हा मूल्यमापन झालं, सव्वा तास. मी एका बाजूला बसून लिहून घेत होते. माहिती गोळा करणं हे असिस्टंटचं काम आहे, अर्थ लावून आराखडा बदलणं थेरपिस्टचं. हा फरक मी पुस्तकात वाचला होता, तो त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. थेरपिस्टनी आजींना स्टुलाबद्दल विचारलं नाही. त्यांनी पाठीमागून ओटीपोटाच्या हाडांवर हात ठेवून बसण्याचा तोल तपासला आणि मग मला समजावलं: बुटक्या जागेवर गुडघे वर येतात, ओटीपोट मागे झुकतं, पाठ गोल होते, आणि आजींचा आधीच डळमळीत तोल तिथे कोलमडतो. शिवाय उठताना दुप्पट जोर लागतो. मला जो उंचीतला साधा फरक वाटला होता, तो शरीरासाठी वेगळंच काम होतं. भाकरीच्या चाळीस पायऱ्या लिहिणारी मी, स्टुलावर बसण्याची एकही पायरी लिहिली नव्हती.

नवा आराखडा असा झाला. सदरा घालण्याचं उद्दिष्ट काढून टाकलं. त्याऐवजी सुनेला शिकवायचं: कमजोर हाताची बाही आधी घालायची, खांद्याला न ओढता, आणि प्रत्येक वेळी आजींना त्या हाताकडे बघायला लावायचं. म्हणजे वेणीचा मानही राहतो आणि डाव्या बाजूची ओळखही होते. भरतकाम हे मुख्य काम, टेबलावर, हात टेकवायचे दांडे असलेल्या खुर्चीत, पंधरा मिनिटं, डावीकडे बघण्यासाठी जास्तीत जास्त तीन वेळा सूचना. डाव्या हाताने कापड दाबून धरायचं. बुटकं स्टूल हे घरी जाण्याच्या वेळचं उद्दिष्ट म्हणून शेवटी लिहिलं, तोल सुधारला तरच.

नोंदीत मात्र 'भरतकाम केलं' असं लिहून चालत नाही. कशासाठी केलं ते लिहावं लागतं: डाव्या बाजूकडे लक्ष, दोन्ही हातांचा वापर, बसण्याचा तोल. यात ढोंग काही नाही. हे तिन्ही त्या सुईत खरोखर होतं. फक्त ते दिसेल असं लिहिणं हे आमचं काम.

चूक नेमकी कुठे झाली

वर्गात हे प्रकरण मांडलं तेव्हा दोन मतं पडली. काही जण म्हणाले, उद्दिष्ट तर बरोबरच होतं, शेवटी थेरपिस्टनीही तेच मान्य केलं, मग चूक छोटी. मला हे पटत नाही. आजींना जे हवं होतं ते मला बरोबर कळलं याने त्यांचा तोल सुधारला नव्हता. दुसऱ्या काहींनी सगळा दोष स्टुलावर टाकला: पट्टा नीट धरायला हवा होता, दोन माणसं हवी होती, सुई दोऱ्याने बांधायला हवी होती. हे सगळं खरं आहे, पण बुधवारी मी स्टुलाऐवजी खुर्ची घेतली असती तरी चूक राहिलीच असती, फक्त कुणाला दिसली नसती.

माझ्या मते चूक मंगळवारी साडेपाचला झाली. नातीने जे सांगितलं ते आजींचं होतं आणि मी ते माझं करून टाकलं. ते मला सापडलं होतं, म्हणून मी ते जपून ठेवलं. त्याच संध्याकाळी दहा ओळी लिहिल्या असत्या तर थेरपिस्टनी बुधवारी सकाळी फोनवर विचारलं असतं, "बसायची उंची काय?" तेवढा एकच प्रश्न पुरेसा होता.

यात व्यवस्थेचाही वाटा आहे आणि तो मी झाकणार नाही. फोनवरच्या दुभाष्यासोबतचा अर्धा तास कुणालाही पुरत नाही. त्यात माणसाची हालचाल कळते, त्याचं घर कळत नाही. 'प्रेरणा कमी' हे वाक्य आम्ही सगळ्यांनी न तपासता पुढे ढकललं. आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या थेरपिस्टला रुग्ण जितका दिसतो, त्याच्या कितीतरी पट असिस्टंटला दिसतो. सदरा पुढे केल्यावर फिरवलेलं तोंड, ताटात उरलेला डावीकडचा भात, संध्याकाळी येणारी नात, हे बघणारी आम्हीच असतो. म्हणून तर आमचं गप्प राहणं महाग पडतं. आणि नातीला दुभाषी म्हणून वापरणं हेही चुकलंच. घरच्या माणसाकडून कळलेली गोष्ट धागा म्हणून घ्यावी, पण प्रशिक्षित दुभाष्याकडून पक्की करून घ्यावी. सुनेच्या मानाची गोष्ट नातीने सांगितली ती खरी निघाली, पण आजींनी शुक्रवारी त्यात भर घातली. सून दिवसभर कामावर असते, तिला थकवा येतो, हे त्यांना दिसत होतं, म्हणून सदरा नको असला तरी तोंड स्वतः धुवायला त्या तयार होत्या. हे नातीला माहीत नव्हतं.

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तरही मला याच सुमारास सापडलं आणि मी फोनवर त्यांना सांगितलं. मदतनीस सांगितलेलं काम करतो. असिस्टंट सांगितलेलं काम करताना जे दिसतं ते परत नेऊन सांगतो, आणि ते वेळेत सांगणं हा त्याच्या परवान्याचा भाग आहे. वडील पतसंस्थेच्या हिशेबनिसासारखंच म्हणाले, "म्हणजे रोजची रोज खतावणी."

उरलेले पाच आठवडे

समन्वयक, सुपरवायझर आणि मी मिळून एक लेखी करार केला. त्यात तीनच गोष्टी होत्या: रुग्णाबद्दल नवी माहिती मिळाली की त्याच दिवशी नोंद, बसण्याची, उभं राहण्याची किंवा हलवण्याची पद्धत बदलायची असेल तर आधी विचारणं, आणि दर शुक्रवारी थेरपिस्टसोबत पंधरा मिनिटं. मधल्या मूल्यमापनात सुरक्षेच्या एका बाबीत मला पूर्ण गुण मिळाले नाहीत. ते योग्य होतं, आणि त्याखाली कारणही लिहिलेलं होतं.

आजींसोबतचं काम असं चाललं. कापडाच्या डाव्या कडेला लाल फीत चिकटवली. दर रांगेची सुरुवात फितीपासून: आधी फीत शोधायची, मगच टाका. मी नेहमी त्यांच्या डावीकडे बसायची, म्हणजे माझ्याशी बोलायला तिकडे वळावं लागेल. बोथट टोकाची जाड सुई दिली, कारण डाव्या बोटांना टोचलेलं कळत नव्हतं. ती त्यांना अजिबात आवडली नाही, दुभाष्या बाई म्हणाल्या की 'ही पोत्याची सुई आहे' असं म्हणतात. मोठ्या भोकांचं सोपं कापडही आणलं होतं, ते त्यांनी सरळ परत केलं. मग त्यांचंच निळं कापड टेबलाला चिमट्याने घट्ट बसवलं, आणि डावा हात त्यावर ठेवला. पहिले आठ-दहा दिवस तो मी ठेवायची. मी ठेवला की तो घसरायचा, आणि त्यांना कळायचंही नाही.

सूनबाई दोन वेळा आल्या. बाही घालायची पद्धत त्यांनी एकदाच पाहून उचलली, आणि दुसऱ्यांदा आल्या तेव्हा वेणी घालताना त्या मुद्दाम डावीकडे उभ्या राहिल्या होत्या. ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मी तेव्हाच संगणकापाशी जाऊन लिहून ठेवलं.

सातव्या आठवड्यात आजी घरी गेल्या. सूचना तीनवरून एकीवर आल्या होत्या, खाटेच्या कडेला बसायला आता थोडासाच आधार लागत होता. स्टूल अजून नाही. ते घरी येणाऱ्या थेरपिस्टसाठी लिहून ठेवलं, स्टुलाची उंची आणि घरातल्या खोलीचं माप यांसकट. कापड पूर्ण झालं नव्हतं. डाव्या अर्ध्यात चार फुलं आली होती, पहिली दोन वाकडी, पुढची दोन सरळ.

शेवटच्या दिवशी मी कापड टेबलावर चिमट्याने बसवत होते. आजींनी उजव्या हाताने आपला डावा हात मनगटाशी धरून उचलला, कापडाच्या कडेवर आणून ठेवला आणि बोटं एकेक करून फितीवर पसरली. मग सुईसाठी हात पुढे केला.